बूड गेलेला डबा

झाड खोडाला धरून ओढणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. तो बँकेत साहेब असो नाहीतर भजनात टाळ कुटणारा असो, मला काही घेणं नाही. नेरला आमच्या गल्लीत असा घरटी एक आहे. "काकू, मोगऱ्याचं एक रोप द्या ना," म्हणत येतात आणि मी खुरपी घ्यायला वळते न वळते तोच वाकून मानगूट धरल्यासारखं रोप उपटतात. हातात येतं ते खोड आणि चार तुटके दोरे. झाड ज्यांनी पाणी पितं ती पांढरी बारीक मुळं माझ्या कुंडीतच राहिलेली असतात. आठवड्यानं तोंड वर करून सांगायला येतात, काकू, तुमचं रोप काही लागलं नाही. तुमचं रोप म्हणे. जसं काही मीच मेलेलं दिलं होतं.

म्हणून मी आता रोप काढायचं काम कोणाच्या हाती देत नाही. आदल्या दिवशी कुंडीला पाणी घालायचं, म्हणजे माती धरून राहते आणि चिखलही होत नाही. ऊन उतरल्यावर कामाला लागायचं. खोड दोन बोटांच्या बेचक्यात घेऊन तळहात मातीवर टेकवायचा, कुंडी उलटी करायची आणि तिचा काठ ओट्यावर हलकेच आपटायचा. झाड आपणहून बाहेर येतं, ओढायचं नसतं. पत्र्याचा डबा असेल तर डब्यावर दया दाखवू नये, सरळ उभा कापावा. मुळं तळाशी गोल गोल गुंडाळलेली असतील तर केसांचा गुंता सोडवतात तशी खालून बोटांनी सैल करावी. नव्या जागी गेल्यावर लगेच खत देऊ नये. आमच्याकडे खत म्हणजे माया समजतात. मूठभर युरिया टाकतात आणि झाड जळलं की नजर लागली म्हणतात.

हे सगळं मला आईनं शिकवलं. आणि याच कामापायी माझं माहेर तुटलं. ते कसं तुटलं तेच सांगायला बसले आहे, आणि गोड करून सांगणार नाही.

माझं माहेर फुलसावंगीचं. नेर जिल्ह्याच्या एका टोकाला आणि फुलसावंगी दुसऱ्या. पुसदला गाडी बदलावी लागते, दिवस एस.टी.तच जातो. घरामागं मोठं अंगण होतं आणि त्या अंगणात जमिनीत काही लावायचं नाही असा वडिलांचा हुकूम होता. अंगण कापसासाठी. वेचणी सुरू झाली की तिथं ढीग पडायचा, बैलगाडी वळायची, माणसांचा राबता सुरू व्हायचा. आईला सोनचाफ्याची हौस. तिनं तो तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावला, म्हणजे हलवता येईल. आणि मग ती तो हलवतच राहिली. ढीग इकडे आला की डबा तिकडे, गाडी तिकडे लागली की डबा न्हाणीमागं. डबा गंजला किंवा लहान पडला की दुसरा, मोठा डबा आणायची आणि मुळांना धक्का न लागू देता झाड त्यात बसवायची. वडील पाहुण्यांसमोर म्हणायचे, "पोट्टं कडेवर घेतल्यावानी घेऊन फिरते त्याले." पाहुणे हसायचे. आई चहा ठेवायला आत जायची.

वडील गेल्यावर तिनं डबा हलवणं बंद केलं. न्हाणीमागं जो ठेवला तो ठेवलाच. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आता कायले हलवू? आता कोण म्हणते मले?" मला वाटलं, थकली असेल.

भाऊ माझ्याहून लहान. त्यानं शेती मक्त्यानं लावून दिली आणि गावात बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान टाकलं. कापसानं सगळ्या जिल्ह्याला रडवलं त्या वर्षांतली ही गोष्ट. भाव नाही, पाऊस नाही, आला तर अळी. टी.व्ही.वाले यायचे, पुढारी यायचे, मयतीच्या घरी सतरंजीवर बसून फोटो काढून जायचे. माझ्या भावाचं दुकान मात्र त्याच वर्षांत वाढलं. ज्या घरात माणूस गेलं तिथं तो सगळ्यात आधी पोचायचा, खांदा द्यायचा, आणि मृग आला की त्याच घरात बियाण्याच्या पिशव्या टाकायचा. यात बेकायदा काही नव्हतं. पण तो माझ्या डोळ्यांत खुपायचा. रिकामे झालेले औषधाचे डबे धुऊन घरात वापरायला काढायचे, ही त्याच्या घरची रीत. भावजयीनं तसल्याच एका डब्यात तुळस लावली. तुळस वाळली. भावजय म्हणाली, सासूबाईंनी मनापासून पाणी घातलं नसेल.

मग आई गेली. तेरवीचं जेवण उरकलं, पाहुणे पांगले आणि त्याच संध्याकाळी भावानं विषय काढला. मागच्या अंगणात त्याला मालासाठी गोदाम बांधायचं होतं आणि शेत सगळं नावावर करून घ्यायचं होतं. त्यासाठी माझं हक्कसोडपत्र लागत होतं. आमच्याकडे बहिणी ते देतात. महागावला तालुक्याच्या कचेरीत जातात, आपल्याला वडिलांच्या जमिनीत काही नको म्हणून सही करतात, भाऊ साडी घेतो, गोडाधोडाचं जेवण घालतो आणि माहेर चालू राहतं. जी देत नाही तिच्याबद्दल नंतर प्रत्येक लग्नात पंगत बसेपर्यंत बोललं जातं.

"साडी तं मी घेईनच ताई," भाऊ म्हणाला. "अजून काही मनात असन तं सांग."

मी म्हटलं, "मले काही नाई पाह्यजे. मायचा चाफा दे."

तो हसला, जीव भांड्यात पडल्यासारखा हसला. "घेऊन जाय ना मंग. डब्यासकट घेऊन जाय. डब्यात जे हाये ते तुह्यं."

आतून भावजयीनं पुस्ती जोडली, "बरं होईन ताई, लय कचरा होते त्याचा."

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून येते तोवर त्यानं दुकानातले दोन हमाल बोलावलेही होते. एकानं डबा कवेत धरला होता, दुसऱ्यानं खोड. त्यांना पोती उचलायची सवय, त्यांचा काय दोष. पण डबा हलेना. भाऊ पायरीवर उभा राहून पहार आणायला सांगत होता. मी त्या दोघांच्या मधे शिरले आणि पत्र्याला हात लावला, तर तो वाळल्या पापडासारखा तुटून हातात आला. खाली बूड नव्हतंच. कधीचं गंजून गेलं होतं. चाफा डब्यात नव्हता, जमिनीत होता, आणि डबा नुसता बाहेरून त्याच्या अंगावर राहिला होता.

आई तेव्हा मला कळली. वडील गेल्यावर ती थकली बिकली नव्हती. तिनं कोणाला न विचारता तेवढी जमीन घेऊन टाकली होती. मला इतका आनंद झाला की मी त्या हमालांसमोर हसले, आणि मग रडू आलं.

"पहार लावली तं मी महागावले येत नाई," मी भावाला म्हटलं.

"मंग कसं काढशीन?"

"आधी अर्धी मुळं कापीन. ती फुटली का मंग बाकीची. मंग निघते झाड."

"अन् सही?"

"चाफा जिता गाडीत बसला का सही."

तो कबूल झाला. त्याला वाटलं, महिनाभराचा खेळ असेल. मुकाट्यानं कबूल होणारा माणूस तो नव्हे, पण गोदामाचं त्याच्या डोक्यात फार होतं आणि माझ्या सहीशिवाय त्याचं काही चालत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला माझी गरज पडली होती आणि मला ते आवडलं, यात खोटं कशाला सांगू.

मोठं झाड एका दमात काढलं तर जगत नाही. खोडापासून हात-दीड हात सोडून एका बाजूनं चर खणायचा, लागतील ती मुळं धारेच्या कोयत्यानं कापायची, फाटू द्यायची नाहीत. चरात कुजलेलं शेणखत आणि रेती घालून माती भरायची आणि वाट बघायची. कापल्या टोकांना नवी मुळं फुटली की दुसऱ्या बाजूनं तेच. शेवटी खालून मोकळं करून मातीचा गोळा जसाच्या तसा बारदानात आवळून उचलायचा. त्यात आमची काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि भेग मुळाला दोन्हीकडून ओढून तोडते. पावसात हात घातला तर नुसता चिकटा. वाफसा आला, म्हणजे ओलंही नाही आणि कोरडंही नाही अशी माती झाली, तेवढ्याच दिवसांत तिच्यात काम करता येतं. हे सगळं मी भावाला सांगितलं. बियाणं विकून पोट भरणारा माणूस, त्याला वाफसा काय ते सांगावं लागत नव्हतं. पण तो माझ्याकडे असा बघत राहिला, जशी मी हे आत्ताच त्याला छळायला बनवलं.

पहिला चर मी दसऱ्याच्या सुमाराला खणला. खणून हात धुते न धुते तो भावजयीनं चाफ्याच्या बुडाशी बकरी आणून बांधली. मी ती सोडून पलीकडे बांधली. बाजारात जाऊन आले तर बकरी पुन्हा चाफ्याखाली, खालची पानं संपवून वरच्या फांदीला तोंड लावत होती.

"अवो ताई, तिले तिथंच सावली भेटते," भावजय म्हणाली.

त्या घरात बकरी कधी नव्हती. शेजारून मागून आणली होती. मी बाभळीचे फाटे आणले आणि चाफ्याभोवती कुंपण घातलं. मग भावजयीच्या पायात काटा गेला. एवढासा काटा, पण ती गावभर दिसेल अशी लंगडत फिरली, आणि विहिरीवर, गिरणीवर, देवळात जो विचारील त्याला सांगत गेली की नणंदेनं अंगणात काटे पेरले.

नेरला परत आले तर माझ्या आधी बातमी पोचलेली. मामांचा फोन आला. "झाडाच्या नावानं तू त्याले अडवून राह्यली म्हणतेत." मावशीचा आला. चुलत वहिनीचा आला, जी मला दिवाळीतसुद्धा फोन करत नाही. यजमान म्हणाले, "देऊन टाक ना सही. कशाला माहेर खराब करतेस?" त्यांच्या दोन्ही बहिणींनी आमच्या घरी अशाच सह्या केल्या होत्या. मी विचारलं, "तुमच्या बहिणींनी दिली तेव्हा तुम्ही त्यांना एकदा तरी म्हणालात का, नको, राहू द्या?" ते उठून स्कूटर पुसायला गेले. स्वच्छ होती स्कूटर.

संक्रांतीनंतर दुसऱ्या बाजूचं काम काढलं. आधी जुन्या चरातली माती बोटांनी जराशी उकरली तर आत पांढरी, केसासारखी मुळं भरून आली होती. मी तिथं उकिडवी बसून किती वेळ बघत राहिले. आपलं काम बरोबर झालं की जे वाटतं ते मला तेव्हा फार वाटलं. मात्र माती सुकून कडक झाली होती, म्हणून पाणी देऊन वाफशाची वाट बघत माहेरी राहावं लागलं, आणि ते दिवस वाईट गेले. भावजय ताट ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. भाजीत मीठ नसायचं, मागितलं तर डबा आदळायचा. भाऊ दुकान बंद करून आला की आधी मागच्या दारी जायचा, आजारी म्हाताऱ्याकडे बघतात तसा चाफ्याकडे बघायचा आणि विचारायचा, "अजून किती दिवस लागतीन?" आईच्या शेवटच्या दुखण्यातही तो डॉक्टरांना हेच विचारत होता. मी ते त्याला तोंडावर म्हटलं. तो जेवला नाही त्या दिवशी, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

उन्हाळ्याच्या आधी झाड काढायचं ठरलं. मी पोचले तेव्हा गोदामाच्या विटा अंगणात येऊन पडल्या होत्या. महागावचं काम दुसऱ्या दिवशी होतं. माझी साडी खुर्चीवर ठेवलेली होती, किमतीची चिठ्ठी न काढता, मला दिसावी म्हणून. छोटा टेम्पो दारात उभा होता. मी पदर खोचला आणि खाली खणायला बसले.

बाजूची मुळं शहाण्यासारखी वागली. गोळा घट्ट बसला होता, माती सुटत नव्हती, बारदान अर्ध्यावर सरकवूनही झालं. मग खाली हात घातला आणि थांबले. मधोमध मनगटाएवढं एक मूळ सरळ खाली गेलं होतं. बूड गेलेल्या डब्यातून ते उतरलं, न्हाणीचं पाणी जिरायचं तिथली ओल धरत गेलं. मी आणखी खणलं. खांद्यापर्यंत हात आत गेला तरी ते बारीक होत नव्हतं. बाजूची मुळं कितीही नवी फुटोत, हे कापलं असतं तर चाफा नेरपर्यंत हिरवा दिसला असता आणि पुढच्या उन्हात मेला असता.

भाऊ करवत घेऊन शेजारी उभा होता. "काप ना. मी कापू?"

"हे कापलं तं मरते."

"मंग मरू दे ना ताई. झाडच होय ते. उद्याचा टायम देल्ला हाये साहेबानं."

मी त्याच्याकडे वर बघितलं. रागावला नव्हता तो, हे मला सांगितलंच पाहिजे. अगदी समजुतीच्या आवाजात बोलत होता, गिऱ्हाइकाशी बोलतात त्या. त्या आवाजानं माझं डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. मी बारदान ओढून काढलं आणि दोन्ही हातांनी माती परत आत लोटायला लागले.

"काय करून राह्यली?"

"बुजवून राह्यली."

"अन् चाफा?"

"चाफा हलत नाई. म्हणून ही जागा मले लागते. अन् शेतातला माहा हिस्साही लागते."

भावजय ओरडली. काय ओरडली ते लिहिण्यासारखं नाही. भाऊ बराच वेळ करवतीचे दात अंगठ्यानं चाचपत राहिला आणि मग म्हणाला, "आजपासून मले बहीण नाई."

"सही पाह्यजे होती तवर होती," मी म्हटलं.

मी माती पायानं दाबली, बादलीभर पाणी ओतलं आणि चिखलाच्या हातांनी स्टॅण्डवर गेले. साडी खुर्चीवरच राहिली. नंतर कळलं, ती भावजयीनं आपल्या बहिणीला दिली.

वाटणी व्हायला पुढं बरीच वर्षं गेली. वकील झाले, मोजणीवाले आले, खुंट ठोकले गेले. चाफा असलेली अंगणाची पट्टी आणि रस्त्याकडचा नव्हे, नाल्याकडचा शेताचा तुकडा मला मिळाला. तो तुकडा मी मक्त्यानं देते. भावानं उरलेल्या जागेत गोदाम बांधलं आणि मधे कमरेएवढी भिंत घातली. चाफ्यानं वर्षभर पानं गाळली, मुळं कापल्याचा राग काढला, आणि मग असा उठला की आता गोदामाच्या पत्र्यावर गेला आहे. फुलला की वास भिंतीपलीकडे जातो. तो अडवता आला असता तर मी अडवला असता. राखी नाही, भाऊबीज नाही, लग्नाकार्यात माझं नाव निघतं हेही मला ठाऊक आहे. लोक म्हणतात, एका झाडापायी हिनं भाऊ तोडला. म्हणू देत.

वर्षातून एकदोनदा मी जाते, वाळल्या फांद्या काढते, फुलं असली तर आणते. गेल्या मे महिन्यात गेले तेव्हा गाडी उशिरा पोचली. ऊन डोक्यावर होतं आणि सोबतच्या बाटलीतलं पाणी पुसदलाच संपलं होतं. जीभ टाळूला चिकटत होती. भावजय पलीकडे खाटेवर कुरडया वाळत घालत होती. केस पिकले आहेत तिचे आता. तिनं मला पाहिलं, मी तिला पाहिलं. ती उठून आत गेली. मला वाटलं, दार लावून घेईल. ती तांब्या घेऊन बाहेर आली, भिंतीवर ठेवला आणि म्हणाली, "उन्हाच्या आल्या, घ्या." माठातलं पाणी होतं, तांब्याला बाहेरून घाम सुटला होता.

मी तांब्या उचलला. ती बघत होती. मी सगळं पाणी चाफ्याच्या बुडात ओतलं, तांब्या भिंतीवर पालथा ठेवला आणि फांद्या तोडायला लागले. ती कुरडयांकडे वळली. चाफ्याचं मूळ केव्हाच खालच्या ओलीला लागलेलं आहे. त्याला त्या पाण्याची काही गरज नव्हती. मला होती.